हवालदाराचा वास

बद्रीनाथ मला कधी आवडला नाही. आजही आवडत नाही. तोंडावर मी त्याला बद्रीनाथराव म्हणते, कारण तो वयाने मोठा आहे आणि आमची दारं समोरासमोर आहेत. इथे मात्र मी त्याला अरे-तुरेच करणार. एवढं सुख मला मिळायला हवं.

चिकलठाण्याला विमानतळाच्या मागच्या अंगाला आमची तीन मजली इमारत आहे. पाहुणे विचारतात, विमानांचा त्रास होत नाही का? विमानं मोजकीच येतात आणि आली तशी निघून जातात. बद्रीनाथ कुठे जात नाही.

तो मूळचा बिडकीनकडचा. घरची जमीन, बैल, गोठा, सगळं भावांनी सांभाळलं. हा एकटा शहरात आला आणि इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या फाटकावर उभा राहिला. आधी वॉचमन, मग सिक्युरिटी सुपरवायझर. उमेदीची सगळी वर्षं त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, सवय सुटली नाही. आमच्या जिन्याच्या तोंडाशी तो प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो, मांडीवर बॅटरी, गळ्यात शिट्टी. "कुणाकडं? कशापायी? किती येळ?" माझा सख्खा भाऊ परभणीहून आला तर याने त्याला खाली अडवून ठेवला. भाऊ "उमाकडे आलोय" म्हणाला, आणि याच्या मते बाईचं नाव घेऊन येणारा पुरुष आधी तपासावा लागतो. मी वरून ओरडले तेव्हा सोडला. वर मलाच ऐकवलं, "ड्यूटी हाय, वहिनी."

माझे यजमान श्रीरंग सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा स्वभाव असा की भांडण सुरू झालं की ते चष्मा पुसायला घेतात. त्यामुळे भांडायचं खातं माझ्याकडे. बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलंय, मला ते जड जात नाही. पाण्याची मोटर, गाडी लावायची जागा, गच्चीवरचं वाळवण, जिन्यातल्या चपला. बद्रीनाथशी भांडण झालं नाही असा विषय आता शिल्लक नाही.

त्याची बायको नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला मुलाकडे गेली ती तिथेच रमली. इमारतीत कुणी तिला दोष दिला नाही. ती गेल्यावर काही दिवस याने खुर्चीवर बसणंही सोडलं होतं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर एके संध्याकाळी हा बंडीच्या खिशातून कुत्र्याचं पिल्लू काढत जिना चढला. आई पामेरियन, बाप कोण ते गावालाच ठाऊक. कापसाच्या बोंडासारखं पांढरं, मध्ये दोन काळे डोळे. नाव ठेवलं हवालदार.

"आपुन सुपरवायझर, त्यो हवालदार," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव विनोद.

मी दारातच उभी होते. खोटं कशाला बोलू, पिल्लू बघून मला भरून आलं. "अगं बाई, किती गोंडस आहे," मी म्हणाले. गोंडस जीव दिसला की गोंडस म्हणायचं नसतं, "काय हे ध्यान" म्हणायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. त्या क्षणी ती मला आठवली नाही.

त्या रात्री पिल्लाला उलट्या झाल्या. आईपासून तोडलेल्या पिल्लाला होतात. पण दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यात दिसले की बद्रीनाथ पिल्लाचं तोंड भिंतीकडे फिरवायचा आणि मी जाईपर्यंत धरून ठेवायचा. मला वाटलं, शिस्त लावतोय. कंपनीतही तो मोठ्या साहेबाची गाडी आली की कामगारांना बाजूला उभं करायचा म्हणे.

वर्ष उलटलं आणि होळीनंतर वास सुरू झाला.

आधी वाटलं उंदीर मेला. पाइपांच्या पोकळीत बॅटऱ्या मारून झाल्या. टाकी उपसली. तळमजल्यावरचा विश्वजित शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर आहे, त्याने ड्रेनेजची झाकणं उघडली. काही सापडलं नाही. पण वास हलता होता. सकाळी गच्चीत, दुपारी जिन्यात, संध्याकाळी फाटकापाशी. कुजलेल्या बटाट्याच्या पोत्यात हात घातल्यावर येतो तसा, गोडसर आणि घशात बसणारा. शेवटी विश्वजितच्या लक्षात आलं की वास आणि हवालदार एकाच वेळी येतात-जातात.

झालं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आग लागली. सगळ्यात जास्त तेल मी ओतलं, ते मी नाकारत नाही. माझं नाक फार तिखट आहे. दार लावलं तरी वास फटीतून यायचा, डाळीला फोडणी दिली तरी वास वर तरंगायचा. श्रीरंग जेवताना नाकाला रुमाल लावायचे.

"कुत्रं धुवा," मी लिहिलं.

"पाणी कुठाय?" बद्रीनाथने उलट विचारलं. त्यात त्याचं चुकत नव्हतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढी धार. तरी त्याने हट्टाला पेटून कुत्रं रोज धुवायला घेतलं. कडुनिंबाचा पाला, बेसन, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला शाम्पू. मग लोक पाण्यावरून भांडायला लागले, माणसांना प्यायला नाही आणि हा कुत्र्याला अभ्यंगस्नान घालतो. धुतल्यावर वास दोन तास दबायचा आणि मग दुप्पट होऊन उठायचा. दाट केस, आत ओल. त्याने मटण बंद केलं, दूध बंद केलं. एका दवाखान्यात नेलं, तिथे लांबूनच तोंड आणि कान बघून गोळ्या दिल्या. जवळून कुणी बघणार कसं? कुत्रं मानेला हात लावू देत नव्हतं. हात गेला की फाडून खायला उठायचं. म्हणून गळ्यात पट्टासुद्धा नव्हता, छातीवरून पट्टे टाकून फिरवायचा. आणि या शहाण्याला त्याचा अभिमान.

"हवालदार हाय. कुणाला गळपट्टी धरू देत नाय," तो छाती काढून सांगायचा.

शेवटी गच्चीवर बैठक झाली. ठरलं असं की पुढच्या रविवारच्या बैठकीपर्यंत वास गेला नाही, तर कुत्रं गावाला भावांकडे सोडायचं. ठराव मी मांडला. सगळ्यांनी हात वर केले. श्रीरंग चष्मा पुसत होते, पण एक हात त्यांनीही वर केला.

बद्रीनाथ उभा राहिला. "गावाकडं शिवारात बिबट्या हिंडतोय," तो म्हणाला. "पांढरं कुत्रं लांबून दिसतं. एक रात नाय टिकायचा त्यो." मग थोडं थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाला, "अन् मला तरी घरात दुसरं कोन हाय?"

मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याच वेळी वाऱ्याबरोबर वास आला आणि मी पदर नाकाला लावला.

बद्रीनाथने मग तपास सुरू केला. त्याच्या डोक्यात चोर बाहेरचाच. कुणीतरी कुत्र्याला सडकं खायला घालतंय. त्याने कचऱ्याचे डबे उपसले, विश्वजितच्या स्कूटरची डिकी उघडायला लावली. आणि गुरुवारी भर दुपारी, लाइट गेलेली असताना, हा बॅटरी घेऊन माझ्या दारात. मागे छातीपट्ट्यात हवालदार.

"वहिनी, तुमची मोरी तपासायची हाय."

"माझी मोरी?"

"वास तुमच्या मोरीतून निघत आसंल. माझं जनावर नाहक बदनाम व्हायलं."

राग असा आला की विचारू नका. मग मी दार सताड उघडलं. "या. तपासा. पलंगाखाली बघा, फडताळ बघा, देवघर बघा." तो खरंच आत आला. मोरीच्या जाळीवर बॅटरी मारली, सिंकखाली वाकून हुंगलं. माझी मोरी मी रोज घासते. त्याला फिनेलशिवाय काही मिळालं नाही.

"झालं समाधान?" मी म्हणाले. "आता माझी पाळी. मुसकं बांधा त्याला आणि धरून ठेवा. वास कुठून येतो ते मी तुम्हाला आज दाखवते."

तो मागे सरकला. "नको. तुम्ही लांबच रहा."

"का? चावेल?"

त्याने कुत्र्याच्या डोळ्यांवर हात धरला होता. मला ते विचित्र वाटलं, पण रागात मी तिकडे लक्ष दिलं नाही. "रविवारी गावाला पाठवायचाय का त्याला?" असं विचारल्यावर मात्र त्याने मुकाट्याने मुसकं आणलं. बैलाच्या मुसक्यासारखं दोरीचंच, स्वतः विणलेलं.

मग मी, बँकेतून निवृत्त झालेली ब्राह्मणाची बाई, जिन्यात मांडी घालून बसले आणि पदर खोचून एक कुत्रं हुंगलं. शेपटीकडून सुरुवात केली. मागे काही नाही. पोट ठीक. पंजे ठीक. कान जरा मळके, पण तो वास वेगळा. तोंडाला कुत्र्याच्या तोंडाचा येतो तेवढाच. आणि मानेपाशी आले तेव्हा मला उमासा आला आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी वासानेच आलं.

"इथे आहे," मी म्हणाले. बोटांनी केस बाजूला करायला गेले तर कुत्रं चवताळलं नाही. ते रडलं. लहान मूल तापात कण्हतं तसं.

बद्रीनाथचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांत त्याने त्या मानेला हात लावला नव्हता, लावू दिला नव्हता.

रिक्षा मी बोलावली. रिक्षावाल्याने नाक मुरडलं. "मौसी, ये क्या मरेला लेके जारे?" मी त्याला म्हणाले, "चुपचाप चला." मुकुंदवाडीकडे तनुजा नावाच्या डॉक्टरीणबाईंचा जनावरांचा दवाखाना आहे. वयाने लहान, बोलायला तुटक. तिने हुंगलं, भूल दिली आणि मानेवर मशीन फिरवायला घेतलं. पांढरे केस पुंजक्यांनी खाली पडत गेले. केसांखाली कातडी नव्हतीच. मानेभोवती गोल, लाल-काळी, ओली चर पडली होती, आणि चरीच्या तळाशी काहीतरी रुतलेलं होतं.

"मांजा?" मी विचारलं.

तनुजाने चिमट्याने उचललं, कात्रीने तोडलं आणि हळूहळू ओढून काढलं. ट्रेमध्ये ठेवलं. काळा गोफ. त्यात ओवलेला एक सुकून आक्रसलेला बिब्बा.

बिब्बा काय असतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे बाळाच्या पाळण्याला बांधतात, बद्रीनाथच्या गावाकडे वासरांच्या गळ्यात बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, हेही सगळ्यांना माहीत असतं.

"पिल्लू असताना बांधलाय हा," तनुजा म्हणाली. "मान वाढत गेली, दोरा तेवढाच राहिला. कातडी कापत आत गेलाय. वरून रोज धुतलंत, ते पाणी जखमेत मुरलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर श्वासनळीपर्यंत गेला असता. दिसला कसा नाही तुम्हाला?"

"मला वाटलं तुटून पडला," बद्रीनाथ म्हणाला. "आपसूक तुटला म्हंजी नजर घिऊन गेला, आसं धरत्यात आमच्यात. म्या खूश झालो व्हतो." मग ट्रेकडे बघत राहिला. "वासराचं दावं आम्ही दर म्हयन्याला सैल करतो. ल्हानपनापासून करतो. अन् हितं..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मी पुरं करू दिलं नाही, असंच म्हणावं लागेल. कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. भिंतीकडे फिरवलेलं तोंड. डोळ्यांवर धरलेला हात.

"कुणाच्या नजरेसाठी बांधला होता?" मी विचारलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असाच, रीत म्हणून. बद्रीनाथला ते येत नाही.

"तुमच्या," तो म्हणाला.

तनुजा बाजूलाच औषध भरत होती.

"मला मूल नाही म्हणून?"

"व्हय. लोक म्हनत्यात तसं. तुम्ही गोंडस म्हनलात अन् रातच्याला त्येनं वकायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिशी गुलमंडीवरून बिब्बा आनला."

मला मूल झालं नाही. त्याचा मी फार बाऊ केला नाही, निदान लोकांसमोर नाही. पण नणंदेच्या मुलाच्या बारशाला मी पाळण्याकडे वाकले तेव्हा तिने बाळावर पदर ओढला होता, तो मी विसरलेले नाही. डोहाळजेवणाला मला निरोप सगळ्यात शेवटी यायचा, तोही "जमलं तर या" असा. "बाळ बघायला या" असं मला कुणी म्हटलंच नाही. मी आपली भेटवस्तू पाठवायची आणि भेटवस्तूला दृष्ट नसते म्हणून ती ठेवून घेतली जायची. ही सगळी आपली, शिकलेली माणसं. आणि आता हा शिट्टीवाला. एका कुत्र्याला माझ्यापासून वाचवायला निघाला होता.

"तुमच्या बिब्ब्याने त्याची मान सडवली," मी म्हणाले. "माझ्या नजरेने फक्त उलटी झाली होती. हिशेब तुम्हीच करा."

मी त्याला तिथेच सोडून दुसऱ्या रिक्षाने घरी आले. श्रीरंगना सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी चष्मा पुसला नाही. "हलकट माणूस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला बरं वाटलं.

रविवारपर्यंत वास गेला होता. बैठक तरी झालीच, ठरलेली होती म्हणून. बद्रीनाथ आला, कुत्र्याला घरी ठेवून. विश्वजितने विचारलं, "काका, शेवटी होतं काय?"

"दोरा रुतला व्हता मानंत."

"दोरा? कुणी बांधला?"

"म्याच."

"कशाला पण?"

बद्रीनाथने माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. याने खरं सांगितलं की हे सगळे मान खाली घालतील, कुणी चुकचुकेल, कुणी मनात म्हणेल, त्यात खोटं काय. आणि उद्यापासून जिन्यात मी दिसले की बायका मुलांना कडेवर घेतील. या माणसाला आडपडदा ठाऊक नाही. त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर त्याने माझं नाव घेतलंच होतं.

"अक्कल नव्हती म्हून," तो म्हणाला आणि खाली बसला.

लोक हसले. कुत्रं राहू द्यायचं ठरलं. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडणसुद्धा नाही. जिन्यात कुत्रं समोरून आलं की मीच तोंड भिंतीकडे करायची. म्हटलं, तुमचं काम मी सोपं करते.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी बेल वाजली. दारात बद्रीनाथ, बॅटरीशिवाय, शिट्टीशिवाय. काखेत हवालदार. मानेवर केस नुकते उगवायला लागले होते, मधूनच गुलाबी कातडी, डोकं मोठं आणि मान बारीक, पंख उपटलेल्या कोंबडीसारखं रूप.

मी सवयीने तोंड फिरवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "बघा की त्येच्याकडं."

"कशाला? दुसरा बिब्बा आणलाय का?"

"नाय. काय बी बांधलं नाय." त्याने कुत्र्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. "बघा. नीट बघा, चांगलं जवळून. म्हून आनलाय."

मी बघितलं. काळे डोळे तसेच होते, पहिल्या संध्याकाळी होते तसे. कुत्र्याने माझ्या हाताला नाक लावलं आणि तिथेच ठेवलं. माझ्या ओठांवर तोच शब्द आला होता, तो मी गिळला. या वेळी मला सासूबाई आठवल्या.

"काय हे ध्यान," मी म्हणाले.

बद्रीनाथला कळलं. गावचा माणूस, त्याला कळणारच. त्याने मान डोलावली आणि कुत्रं माझ्या हातात दिलं.